सूचीची छाटणी

तपासनीस साहेब दहाला येणार होते आणि पावणेदहाला ग्रंथपाल बाईंच्या लक्षात आलं, की ग्रंथालयात इतिहासाचं एकही पुस्तक नाही. म्हणजे पुस्तकं होती, चांगली चार कपाटं भरून होती. संगणकावरच्या सूचीत नव्हती.

दोष त्यांचाच होता. माहितीशास्त्राच्या एका शिबिरात त्यांनी ऐकलं होतं, की जागोजागी येणारा शब्द काहीच सांगत नाही. क्वचित येणारा शब्दच खरी माहिती देतो. बाईंना ते इतकं पटलं, की शनिवारी बसून त्यांनी अकरा हजार नोंदींच्या शीर्षकांतून वारंवार येणारे सगळे शब्द उडवून टाकले. 'इतिहास' गेला, 'समाज' गेला, 'आणि' तर पहिल्याच झटक्यात गेला.

"जुनी सूची ठेवलीय ना कुठे?" कपाटं सांभाळणाऱ्या मावशींनी विचारलं.

"तिच्यावरच तर नवी चढवली."

बाईंची नोकरी कायम व्हायची की नाही, ते आजच्या शेऱ्यावर होतं.

साहेब आले ते पाणीही न घेता थेट संगणकासमोर बसले.

"माझं एक पुस्तक असायला हवं तुमच्याकडे. 'समाज आणि इतिहास : एक अभ्यास'. काढा बघू."

यातला एकूण एक शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं कापला होता. मावशी हळूच कपाटांकडे सटकल्या. बाईंनी लेखकाच्या नावावरून नोंद उघडली. शीर्षकाच्या जागी फक्त दोन ठिपके होते, एकाखाली एक.

"हे काय?"

थाप मारावी म्हटलं तर एकही सुचेना. "साहेब, जे शब्द सगळीकडे येतात त्यांत माहिती नसते, म्हणून काढले. तुमच्या पुस्तकाचे... सगळेच निघाले."

साहेब पडद्याजवळ वाकले. मावशी धूळ झटकत पुस्तक घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे पुस्तक म्हणजे माझा प्रबंध. तो वाचून माझ्या मार्गदर्शकांनी नेमकं हेच कळवलं होतं," ते म्हणाले. "फक्त त्यांना चार पानं लागली होती."

मग त्यांनी पेन उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं, 'सूची अचूक आहे. तरीही शब्द परत घालावेत. ते काम संपेपर्यंत ग्रंथपाल बदलू नये.'