होणाऱ्या जावयाची छत्री

टिकाराम कटरेसारखा छत्रीवाला अख्ख्या आमगाव तालुक्यात नाही, असं कोणीही सांगेल. निदान टिकाराम तरी सांगायचाच! टीव्हीची छत्री बसवताना दुसऱ्यांना सिग्नल मोजायचं मीटर लागायचं. हा गडी ते घरीच ठेवून निघायचा. "आकाशाकडं पायलं का मले समजते!"

त्या मे महिन्यात मात्र प्रकरण नाजूक होतं. छत्री बसवायची होती यादोराव बिसेनांच्या घरी, आणि त्यांची रंजिता टिकारामाच्या मनात भरलेली. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अडलं होतं ते यादोरावांपाशी. "कवेलूवर माकडावानी चढनाऱ्याले पोरगी देऊ का?" शेवटी ते म्हणाले, "आधी माह्या घरी छत्री लावून दाखव. मी राइस मिलमधून येईन तवा टीव्ही चालू पायजे. मंग पाहू!"

टिकाराम कौलारू छपरावर चढला. ऊन असं की पाना हातात धरवेना. त्यानं छत्री फिरवली आणि खाली हाक दिली, "आला का?"

टीव्हीसमोर होणारी सासू सुशिलाबाई बसली होती. "आला, आला! उतरा जवाईबापू!"

टिकारामानं नट आवळले, ऐटीत उतरला. पडदा निळाशार! चित्राचा पत्ता नाही.

"आता तर आला म्हनलं ना?"

"गेला असन. तुमी जेवून घ्या, भाजी थंडी होऊन रायली."

जेवण कसलं सुचतंय! तो पुन्हा चढला. पुन्हा "आला!", पुन्हा उतरला, पुन्हा निळं. त्यानं वायर बदलली, बॉक्स बदलला. दर खेपेला दोन-चार कवेलू कडाड् करून फुटत होते. टिकारामाचं डोकं चक्रावलं. आपण वर असलो की चित्र येतं आणि पाय जमिनीला लागला की पळतं, असा सिग्नल त्यानं जन्मात पाहिला नव्हता!

सासूबाईंना नीट दिसत नसेल म्हणून त्यानं शेजारच्या दुधरामला टीव्हीपुढं बसवलं.

"आला का?"

"आला! येकदम फस्ट क्लास!"

उतरून पाहतो तर निळं ते निळंच!

"दुधरामभाऊ, काय दिसत होतं तुमाले?"

"हेच. निळं."

"मंग आला काऊन म्हनलं?"

दुधराम ओशाळला. "गावच्या जवायाले नाही कसं म्हनाचं? तेबी एवढ्या उनात?"

टिकारामानं सासूकडं पाहिलं. तिनं पदर पुढं ओढला. "तुमी वर भाजून रायले होते. माहा जीव तुटत होता जी!"

टिकारामाला रडावं की हसावं कळेना. "अवो, नाही म्हना ना! तुमी नाही म्हनलं तरच तुमच्या घरचा जवाई होतो मी!"

"तोंडातून निंगतच नाही, बापू!"

एवढ्यात यादोराव आले. फुटके कवेलू पाहिले, निळा पडदा पाहिला. टिकारामाचं धाबं दणाणलं; तो तसाच वर पळाला. "आला का?"

"नाही!" यादोराव गरजले.

दिवसभरातलं पहिलं नाही! टिकारामाला वाटलं, उतरून पाय धरावेत.

"आता?"

"नाही म्हनलं ना!"

"आता?"

"थांब! हलवू नोको! आला!"

खरंच आला! दुधरामनं टाळ्या वाजवल्या. टिकाराम घामानं निथळत उतरला. यादोरावांनी दोन-चार चॅनल फिरवून पाहिले. मग म्हणाले, "चिकाटी हाये गड्यात. माही ना नाही. पोरीले पसंत असला तर करू साक्षगंध." आणि दुधरामसमोरच त्यांनी आत हाक मारली, "काय वो रंजिता, पसंत हाये का हा पोरगा?"

"हो!" आतून लगेच आलं.

सुशिलाबाई साखर आणायला उठली. टिकारामाचा चेहरा मात्र पडला. एवढ्या झटकन हो? तेही या घरातून? तो यादोरावांच्या कानाशी लागला.

"मामाजी, या घरात निळ्याले निळं तुमीच म्हनता. जरा आत जाऊन तिच्या तोंडाकडं पाहून सांगा ना... आला का?"