टाच बघणारे गावंडे डॉक्टर

बारशाला गेलेला माणूस बाळाचं नाक बघतो, रंग बघतो, कुणावर गेलंय यावर दोन मतं देतो आणि पेढा खाऊन मोकळा होतो. आमचे गावंडे डॉक्टर थेट पाळण्याच्या दुसऱ्या टोकाला जातात, दुपटं वर सारतात आणि बाळाची टाच बघतात. मग आईला विचारतात, "टोचली काय वं?"

पहिलटकरीण बिचारी घाबरते. आजी चिडते. डॉक्टर मात्र शांतपणे समजावतात, "जन्मल्यावर दोनेक दिवसांनी टाचेतून रक्ताचा थेंब काढा लागते. कागदावर घ्या, तपासाले पाठवा. मुंगी चावल्यावानी दुखते, पन पोट्ट्याचं आयुष्य सुधरते." एवढं बोलून ते पेढ्याकडे वळतात. अमरावतीतल्या आमच्या कॉलनीत त्यांना बारशाचं आमंत्रण द्यावं की नाही यावर घराघरांत दुमत असतं. पण आमंत्रण नसलं तरी ते येतातच, त्यामुळे तो प्रश्न तसा मिटलेला आहे.

मी त्यांची शेजारीण, शाळेत मराठी शिकवते. डॉक्टर लहान मुलांचे. आता निवृत्त आहेत आणि एकटेच राहतात, कारण लग्न केलं नाही. दर रविवारी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून दर्यापूरला जातात. तिथं त्यांचं जुनं घर आणि थोडी शेती आहे. शेतीची एवढी ओढ असलेला आणि सोयाबीनचा भाव अजिबात माहीत नसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांचे चार प्रश्न कॉलनीत पाठ आहेत. "सापडते काय? इलाज हाय काय? वेळेवर होते काय? सगळ्यायले पोचते काय?" हे प्रश्न खरं तर आजारांसाठी. नवजात बाळांची कोणती तपासणी सरकारनं करावी हे ठरवताना तज्ज्ञ हेच विचारतात म्हणे. पण डॉक्टर ते कशालाही लावतात. आमच्या ह्यांनी गुडघेदुखीवर तांब्याचं कडं आणलं, तेव्हा डॉक्टरांनी ओट्यावर बसून त्याची रीतसर चौकशी केली. दुसऱ्याच प्रश्नाला कडं नापास झालं. हे अजूनही ते कडं घालतात, फक्त डॉक्टर दिसले की बाही खाली ओढतात.

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या नवजात तपासणीसाठी सरकारनं सल्लागार समिती नेमली आणि तिच्यात डॉक्टरांचं नाव आलं. सकाळी सकाळी ते आमच्या दारात उभे. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात बाथरूमची.

"सुनंदा, आपल्याले बोलावलं! अन् कमिटीत एक साधा नागरिक लागते. मी तुहं नाव देल्लं."

"काका, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"तेच तं पाहिजे. समजनारे आमी हावोच ना. आतापर्यंत आमीच आमाले समजावून सांगून राहिलो."

माझं नाव खरंच मंजूर झालं. त्यानंतर रोज संध्याकाळी माझी शिकवणी सुरू झाली. चहा माझा, अक्कल त्यांची. "कमिटी हुकूम देत नाही," ते बजावायचे, "शिफारस करते. हुकूम वरून येते. पन शिफारस चुकली तं हुकूमही चुकते." मलाही चेव चढला होता. एकदा मी म्हटलं, एका थेंबात एवढे आजार दिसतात, तर सगळेच बघून टाका की. डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"ज्याले इलाज नाही, ते सांगून बाळंतिनीले काय देशीन? नुसता घोर. पन थायरॉईडचं तसं नाही. बाळात ते कमी असलं, अन् पयल्या पंधरवड्यात गोळी सुरू केली, तं पोरगं शिकते, भांडते, आईले उलटून बोलते. उशीर झाला तं गोळी अंग वाढवते, बुद्धी नाही." मग अर्धा कप तसाच ठेवून ते उठून गेले. मी म्हटलं, चहात साखर कमी पडली असेल.

अखेर बैठकीचा दिवस उगवला. बैठक अकोल्याला, गाडी माझी. डॉक्टरांनी नवा शर्ट घातला होता आणि केसांना एवढं तेल लावलं होतं की माशी बसली तर घसरली असती. थायरॉईडची तपासणी आमच्या भागातल्या प्रत्येक सरकारी प्रसूतिगृहात व्हावी, हा पहिलाच विषय. डॉक्टर यासाठी आयुष्यभर थांबले होते, आणि आज ते बोलणार म्हटल्यावर विषय मंजूर झाल्यातच जमा, असं मी धरून चालले होते.

अध्यक्षबाई पुण्याच्या, बोलायला मऊ. त्यांनी सुरुवातीला नेहमीचं वाक्य म्हटलं, "आजच्या विषयांत कुणाचे हितसंबंध असतील तर सांगावेत." हे वाक्य पान वाढल्यावर 'सावकाश होऊ द्या' म्हणावं तसं म्हणायचं असतं. कुणी हात वर करत नाही. गावंडे डॉक्टरांनी केला.

"विषय पयला. माह्या सख्ख्या बहिनीले हाच आजार हाय. उशिरा सापडला. मी या चर्चेत बसू शकत नाही."

अध्यक्षबाई गडबडल्या. "सर, हितसंबंध म्हणजे कंपनीचे शेअर, यंत्रं विकणारे नातेवाईक, असं काही."

"पैशाचं असतं तं मी सोडून देल्लं असतं, मॅडम. हे सोडता येत नाही. मले सरळ नाही दिसनार." आणि डॉक्टर खुर्ची जागेवर सारून बाहेर निघून गेले.

इतक्या वर्षांच्या शेजारात मला बहीण माहीत नव्हती. वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. नवरदेवानंच अंतरपाट धरायच्या वेळी मांडवाबाहेर जाऊन बसावं, त्याला काय म्हणायचं?

व्हायचं तेच होऊ लागलं. अकोल्याचे एक अधिकारी म्हणाले, तपासणी चांगलीच आहे, पण रिपोर्ट आल्यावर बाळ सापडत नाही. पत्त्यावर माणूस पाठवला तर घरात बाळच नसतं. माना हलू लागल्या. 'पुढच्या वर्षी बघू' असं कुणीतरी पुटपुटलं. 'सगळ्यायले पोचते काय' या चौथ्या प्रश्नावर गाडं अडलं होतं आणि तो शिकवणारा दाराबाहेर बसला होता.

"एक बोलू का?" मी उठूनच उभी राहिले. "पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पत्ता लिहितात सासरचा, कारण आधार कार्ड तिथलं. बाळ माहेरी आणि माणूस सासरी. दोन्ही घरांचे फोन घ्या, आणि बाळंतीण सव्वा महिना कुठं राहणार एवढं विचारा."

अध्यक्षबाई हसल्या. "माझं बाळंतपण साताऱ्याला झालं, आणि लसीचे निरोप यायचे पुण्याला." मग चर्चेचा नूरच पालटला. तेच अधिकारी उत्साहानं कामाची वाटणी सांगू लागले. दोन्ही फोनांची अट घालून शिफारस एकमतानं मंजूर झाली.

मी धावतच बाहेर आले. डॉक्टर बाकावर ताठ बसले होते. "सांगू नोको," ते म्हणाले, "सह्या होऊ दे." सह्या झाल्यावर सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "चौथा प्रश्न कोनं सोडवला?"

"मी."

"पाहा. म्हटलं होतं ना, तुले काही समजत नाही." एवढं कौतुक माझं कुणीच केलेलं नाही. मग ते हळूच म्हणाले, "गाडी दर्यापूरवरून घेशीन काय?"

दर्यापूरच्या घरात त्यांच्या चुलतभावाची बायको चहा ठेवायला आत गेली, आणि ओसरीवर त्यांची बहीण शकू आली. वयानं साठीची, उंचीनं माझ्या सहावीतल्या मुलींएवढी, पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या घातलेली. तिनं डॉक्टरांचा हात धरला तो सोडलाच नाही.

"मी मेडिकलले होतो," डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले. "पुस्तकाचं पान उलटलं, त्यातल्या फोटोत हेच बसून होती, असं वाटलं. गोळी लगेच सुरू केली. पन तवा हे परकर-पोलक्यात आली होती." मग आवाज चढवून, हसत म्हणाले, "शकू, आता लेकरायच्या टाचेतून थेंब काढनार हायेत. वरून हो आला, का समद्या लेकरायच्या."

"दुखीन?"

"मुंगी चावल्यावानी."

शकूनं विचार केला. मग ती त्यांच्याजवळ बसली आणि तिनं आपला पाय त्यांच्या मांडीवर ठेवला. "माही पन काढ, दादा. मी नाही रडत."

अमरावतीतल्या कितीतरी टाचा क्षणभर बघून सोडून देणाऱ्या डॉक्टरांनी ती टाच दोन्ही तळव्यांत धरली. "तुही राहूनच गेली, बाई," ते म्हणाले.

शकू पाय तसाच ठेवून वाट बघत बसली.