पत्र्याचं टाइम मशीन

सिंधुबाईंच्या घरी ट्यूशनची नवीन मुलगी भाड्यानं राहायला आली, की पहिल्याच दिवशी तिला दोन गोष्टी मिळत. एक चहा आणि दुसरी रेडिओची हकिकत. चहा कधीमधी पातळ व्हायचा, हकिकत मात्र कायम दाट.

"भूकंप झाला तवा आमचं लगीन हून सा म्हैनेच झालते," सिंधुबाई सुरू करत. "निलंग्याकडं, ह्यांच्या गावात. गणपती बुडवून दमून झोपलेलो. पहाटं घर गदागदा हलाया लागलं. मी डोळं उघडून बघते तर हे दारातनं बाहीर. अन् काखंत काय? रेडिओ. माझ्या बापानं लग्नात ह्यांना दोन चिजा दिल्त्या, एक रेडिओ अन् एक पोरगी. ह्यांनी रेडिओ वाचिवला."

मुलगी हसून हसून चहा सांडायची. व्यंकटरावही थोडं हसायचे आणि मग हातोडी घेऊन पुढच्या शेडमध्ये पत्रा ठोकायला निघून जायचे.

भूकंपानं व्यंकटरावांना लातूरला आणलं आणि क्लासवाल्यांनी त्यांना तिथं जगवलं. अख्ख्या मराठवाड्यातले आईबाप आपापली लेकरं डॉक्टर करायला लातुरात आणून सोडू लागले. त्या प्रत्येक लेकराला कुलूप लावायला पत्र्याची पेटी लागायची आणि उन्हाळ्यात कूलर. दोन्ही व्यंकटराव बनवत. बाजूला त्यांनी मुलींसाठी स्लॅबच्या खोल्या बांधल्या, स्वतः मात्र पत्र्याखालीच राहिले. "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय," ते म्हणायचे, "स्लॅब पडला तर टेंगूळ यायला डोस्कंच ऱ्हात न्हाई." मुलींच्या आईबापांसमोर हे बोलू नये, एवढा व्यवहार त्यांना कळत होता.

त्या पहाटेबद्दल सिंधुबाई रेडिओशिवाय दुसरं काहीच सांगत नसत. त्यांची थोरली बहीण किल्लारीच्या बाजूला दिलेली होती. ती आणि तिची दोन लेकरं त्या पहाटे गेली. तिचं नाव घरात कुणी काढत नसे. त्या रात्रीतलं बोलून दाखवण्यासारखं या घरात रेडिओचं एवढं एकच होतं, हे व्यंकटराव जाणून होते, म्हणून ते मुकाट्यानं हसू करून घ्यायचे. पण आत कुठंतरी सलायचं. एवढ्या वर्षांत बायकोनं एकदा तरी "जाऊ द्या" म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. मागून घ्यावं अशी ती गोष्ट नव्हती, आणि न मागता ती काही मिळत नव्हती.

यंदा खोलीत नायगावची सादिया होती. मेडिकलच्या परीक्षेची रिपीटर. रिपीटर म्हणजे गेलेलं वर्ष पुन्हा जगायला आलेला माणूस, त्यामुळं काळाच्या मागं जाण्याचा अनुभव तिच्या गाठीशी होताच. नांदेडच्या कुठल्याशा कॉलेजात शॉर्ट फिल्मची स्पर्धा आहे असं तिला कळलं आणि बायोलॉजीची पुस्तकं मिटली. तिच्याच बॅचचा मुरुडचा सत्यम समोरच्या बोळात राहायचा. त्याच्याकडे बरा कॅमेरा असलेला मोबाईल होता, म्हणून तो कॅमेरामन झाला.

"काका, टाइम ट्रॅव्हलची फिल्म हाय," सादिया शेडमध्ये येऊन म्हणाली. "पैसे न्हाईत. म्हणून दोन माणसं, एक मशीन, अन् बाकी नुसतं बोलणं. मशीन तुमी बनवायचं."

"काय मशीन?"

"माणूस बसला की मागच्या काळात जातो असं."

"म्हंजे उभी पेटी," व्यंकटरावांनी एका क्षणात प्रश्न सोडवला. "आतनं रंग मारू का?"

"अन् हिरो बी तुमीच."

व्यंकटरावांच्या हातातली कात्री थांबली. "मला नाटक येत न्हाई, पोरी."

"म्हणूनच. सत्यमला मिशी लावून बघितली. चोरावानी दिसायलाय."

गोष्ट सादियानं लिहिली होती. एक माणूस मशीनमध्ये बसून भूकंपाच्या पहाटे परत जातो, कारण तेव्हा बायकोला मागं सोडून तो एकटाच बाहेर पळालेला असतो. ही कल्पना तिला कुठून सुचली हे विचारायची गरज नव्हती. तिनं रेडिओची हकिकत आतापर्यंत तीनदा ऐकली होती.

"करा की," सिंधुबाई दारात मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "वरातीमागनं घोडं. आता निघालेत मला न्यायला."

व्यंकटराव तयार झाले ते या टोमण्यामुळं नव्हे. कागदावर शेवटचं वाक्य होतं, "तुला सोडून मी जाणार नाही. चल." खऱ्या आयुष्यात असं वाक्य लातूरच्या कुठल्याही नवऱ्यानं बायकोला म्हटलं असतं तर तिनं डॉक्टरला बोलावलं असतं. पण पिक्चरमध्ये म्हणता येईल, असं त्यांना वाटलं.

ते म्हणणं काही सोपं निघालं नाही. तालमीला सगळं नीट व्हायचं आणि त्या वाक्यापाशी आले की त्यांची गाडी पंक्चर व्हायची. कारण समोर मेथीची जुडी घेऊन साक्षात बायको बसलेली.

"तवा बनियनला भोकं हुती," ती म्हणायची. "ही तर नवीकोरी हाय."

"काकू, पिक्चर हाय ते."

"म्हून खोटं दाखवायलाव व्हय? अन् रेडिओ कुटाय?"

"सिंधु... अगं, ऐकलंस का," व्यंकटराव शेवटी म्हणाले, आणि बायकोचं नाव चुकून तोंडातून गेलं म्हणून स्वतःच लाजले. "तू आत जा. च्या टाक समद्यांना."

रविवारी क्लासची टेस्ट उरकून दुपारी शूटिंग ठरलं. उभी पेटी तयार होती. तिला व्यंकटरावांनी बाहेरून आपली नेहमीची कडी बसवली होती, जी एकदा पडली की आपोआप उघडत नाही आणि जिच्या भरवशावर त्यांच्या पेट्या हैदराबादपर्यंत जात. काळात मागं जाताना मशीन थरथरायला पाहिजे, हा सादियाचा हट्ट. ते काम सत्यमनं अंगावर घेतलं. त्यानं पेटीच्या पाठीमागं कूलरची मोटार बसवली आणि तिच्या पंख्याचं एक पातं काढून टाकलं. पातं कमी झालेला पंखा फिरला की मोटारीच्या अंगात येतं. कंपनांचा धडा सत्यमला सलग दोन वर्षं परीक्षेत जमला नव्हता. तो नेमका या रविवारी जमला.

सिंधुबाईंना चहा टाकायला आत पाठवून व्यंकटराव पेटीत शिरले. दार ओढून घेतलं. अंधारात ते वाक्य एकदा पुटपुटून बघितलं, छान जमलं. सत्यमनं मोबाईल स्टँडवर लावला आणि बटण दाबलं.

पेटी आधी गुरगुरली, मग हलायला लागली. बाहेरची कडी उडून अलगद आपल्या जागी बसली. पेटी मागच्या मांडणीला भिडली. मांडणीवर विकायच्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या, त्या सगळ्या एका तालात खडखडायला लागल्या. पत्र्याचं छपरही त्यांना सामील झालं. आणि ही मांडणी ज्या भिंतीला टेकलेली होती, ती भिंत अमृतरावांच्या स्वयंपाकघराची होती.

अमृतराव म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. भूकंप झाला तेव्हापासून त्यांनी त्या भिंतीच्या फळीवर स्टीलचे तांबे एकावर एक उपडे रचून ठेवले होते. धरणी हलली की तांबे पडणार, तांबे पडले की पळायचं. सरकारी यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. आजवर ते तांबे फक्त मांजरानं पाडले होते. आज ते मांजर नसताना पडले.

"भूकंप," अमृतराव ओरडले, ते बाहेर गल्लीत पोचल्यावर.

लातूरकरांना हा शब्द दोनदा सांगावा लागत नाही. घराघरातून माणसं रस्त्यावर आली. मुली हातात पुस्तकं घेऊन आल्या. गल्लीच्या तोंडाशी असलेला क्लास क्षणात रिकामा झाला आणि सगळ्यांच्या पुढं हातात मार्कर घेऊन सर धावत होते. सादिया पळाली. सत्यमही पळाला. भूकंपानंतर जन्मलेली ही पोरं, पण आईबापांनी पळायचं शिकवूनच वाढवलेली. मोटार आपणच लावली आहे हे सत्यमला रस्त्यावर पोचून दम घेताना आठवलं.

पेटीत अडकलेल्या व्यंकटरावांना मात्र ते आठवायला सवड नव्हती. मांडणीवरच्या पेट्या धडाधड खाली येत होत्या आणि बाहेर माणसं "भूकंप, भूकंप" करत होती. त्यांनी दार ढकललं. दार त्यांच्याच हातचं, ते काय उघडतंय. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या कडीला शिवी दिली. मग सगळं अंग टाकून धडक मारली, तशी पेटी त्यांच्यासकट आडवी झाली, वायर तुटली आणि दार बिजागरीतून निघालं.

समोर दहा पावलांवर गल्ली होती, उघडं आभाळ होतं. व्यंकटराव उठले आणि उलट्या दिशेनं, आत पळाले.

मोटार बंद पडल्यानं एकाएकी शांत झालं होतं. गल्ली सवयीनं वर विजेच्या तारांकडं बघत होती. तारा काही हलत नव्हत्या. आणि त्या शांततेत व्यंकटरावांच्या घरातून आवाज आला.

"सिंधु... अगं सिंधु."

गल्लीनं या माणसाच्या तोंडून बायकोचं नाव कधी ऐकलं नव्हतं. आत भांडी पडली. बाज उलटल्याचा आवाज झाला. न्हाणीचं दार आदळलं. "सिंधु, कुटं हायस? चल भाईर, लवकर चल. अगं बोल की." आवाज आता रडवेला झाला होता.

सिंधुबाई गल्लीच्या अगदी मधोमध उभ्या होत्या. मागल्या दारानं निघून अमृतरावांच्या पाठोपाठ गल्लीत पोचल्या होत्या त्या. हातात सांडशी होती आणि सांडशीत चहाचं पातेलं.

"वैनी," अमृतराव हळूच म्हणाले, "तुमाला आत हुडकायलेत."

सिंधुबाईंना ऐकू येत होतं. त्या हातातल्या पातेल्याकडं बघत राहिल्या.

शेवटी व्यंकटराव बाहेर आले. कपाळावर टेंगूळ, कोपर खरचटलेलं, केसांत कोळ्याची जाळी. बायकोला बघितलं आणि ते तिथंच पायरीवर टेकले. तिच्या हातातलं पातेलं त्यांनी नीट बघितलं.

"काका," सत्यम खाली मान घालून म्हणाला, "भूकंप न्हाई. मोटार हाय."

सत्यमला काय बोलायचं ते लोक नंतर बोलणार होतेच. आत्ता कुणालाच सवड नव्हती. रेडिओची हकिकत सगळ्या गल्लीला पाठ होती आणि आता पारडं फिरलंय हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"बोला की, व्यंकटराव," अमृतरावांना राहवेना. "आता तुमची पाळी."

सिंधुबाईच जवळ आल्या.

"मला वाटलं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमी मागंच हाव."

"हं." व्यंकटरावांनी कोपरावरचा पत्र्याचा कीस झटकला. "मलाबी तसंच वाटलं हुतं."

"कवा?"

"तवा."

चोवीस वर्षं एका घरात राहून हे सिंधुबाईंना ठाऊक नव्हतं.

"मग बोलला का न्हाईत कदी?"

"कोण खरं मानलं असतं? काखंत रेडिओ हुता." व्यंकटराव पायरीकडं बघत म्हणाले, "अन् ती गोष्ट सांगताना तू हसायचीस. त्या रातीतलं हसण्यासारखं दुसरं काय हुतं आपल्याकडं?"

सिंधुबाईंना डोळे पुसायचे होते, पण हात गुंतलेले. "धर गं हे," म्हणून त्यांनी पातेलं सादियाकडं दिलं आणि पदर तोंडाला लावला. बराच वेळ लावला. बहिणीच्या नावानं त्या चारचौघात पहिल्यांदाच रडत होत्या, हे एका व्यंकटरावांनाच कळलं. ते उठून त्यांच्या शेजारी उभे राहिले.

"जाऊ द्या आता," सिंधुबाई पदराआडून म्हणाल्या. "झालं ते झालं."

"आसं कसं जाऊ द्या?" व्यंकटराव म्हणाले. "हलत्या घरात नवऱ्याला सोडून च्या वाचिवलास तू. चार लोकांना सांगाया नको?"

सिंधुबाई रडता रडता हसल्या, आणि मग गल्लीही हसली.

सादियानं सत्यमला कोपरानं ढोसलं. "घेतलं का हे?"

"मोबाईल आतच हाय," सत्यम म्हणाला. "भिंतीचं शूटिंग करायलाय."

फिल्मला मिळाला असता असा एकुलता एक चांगला संवाद असा वाऱ्यावर गेला. लोक पांगायला लागले. सरांनी मार्कर उंच करून पोरांना वर्गाकडं हाकलं. अमृतराव तांबे पुन्हा रचायला घरात गेले.

"चला," सिंधुबाई म्हणाल्या, "दुसरा च्या टाकते."

आणि दारापाशी येऊन त्या थांबल्या. व्यंकटरावही थांबले. ते पुढं होईनात, त्याही होईनात. कोण मागं राहतंय याचा आता दोघांनाही भरवसा नव्हता. मग दोघं एकदमच शिरायला गेले आणि पत्र्याच्या त्या चिंचोळ्या दारात खांद्याला खांदा लागून अडकले.

"अवो, एक-एक जावा की," पलीकडच्या खिडकीतून अमृतराव म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, भावजी," सिंधुबाई अडकल्या जागेवरूनच म्हणाल्या. "दार मोठं करून घिऊ."