मायाप्पाचं नाक

मायाप्पा काठावरचं ओंजळभर पाणी नाकाशी धरतो आणि सांगतो, "चार नंबरची गेली हितनं. पिट्रोलात तेल जास्त झालंय." मी चार नंबरच्या बोटवाल्याला विचारतो. तो ओशाळून मान हलवतो.

कोयना धरणाच्या फुगवट्यावर बापूंचा छोटा बोटक्लब आहे. मी तिथे पावत्या फाडतो आणि मायाप्पा मेकॅनिक आहे. मी वाईचा, नदीच्या घाटावर वाढलेला. पाण्याकडे कधी मुद्दाम पाहावं असं मला वाटलं नव्हतं. मायाप्पा जत तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरचा. त्याच्या गावी पाणी टँकरने येतं, आणि येईल तेव्हा येतं. सांगलीच्या एका गॅरेजात तो इंजिनं शिकला आणि कुणाच्या तरी ओळखीने इथे आला. पहिल्या दिवशी तो तासभर काठावर नुसता उभा होता म्हणे. बापूंनी विचारलं, "इंजिनं बघायची सोडून काय बघतोस रं?"

तो म्हणाला, "मालक, ह्ये सगळं प्यायचंच हाय का?"

त्याचं इंजिन खोलणं म्हणजे एक सोहळाच. आधी इंजिन पाण्यापासून लांब, शेडमध्ये न्यायचं. खाली पत्र्याची परात, परातीखाली पोतं, बाजूला लाकडाचा भुसा. ऑइलचा एक ठिपका जमिनीवर पडला तरी त्यावर भुसा टाकून, तो खरवडून डब्यात भरायचा. बोटवाले हसले की म्हणायचा, "हसा. थेंबाला पाय असत्यात. उतार दिसला की निघालाच पान्याकडं."

एकदा पुण्याच्या एक बाई साबण लावून काठावर हात धुवायला बसल्या. मायाप्पा अदबीने जवळ गेला. "आवं ताई, जेवल्यावर ताटात हात धुवावा. पर आपल्या. दुसऱ्याच्या ताटात कशाला?" बाई साबणाच्या हातांनीच उठल्या.

क्लबात जुनी टू-स्ट्रोक इंजिनं होती, ज्यांच्या पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागतं. ती का वाईट, हे मला मायाप्पाने दोन वाक्यांत समजावलं. "दात पडलेलं म्हातारं हाय त्ये. थोडं चावतंय, थोडं सांडतंय." न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल धुराबरोबर थेट पाण्यात जातं आणि वर रंगीत तवंग धरतो. पर्यटक त्या तवंगाचे फोटो काढायचे. मायाप्पा तोंड फिरवायचा.

मग एका उन्हाळ्यात बापूंनी कोकणातून दोन जुन्या वॉटर स्कूटर आणल्या. गिऱ्हाइकांना काठावरच्या माणसांनी फोटो काढायला हवे असत, म्हणून त्या उथळ पाण्यातच गरगरायच्या. त्या खालून पाणी ओढून मागे जोरात फेकतात. त्याने तळाचा गाळ उसळायचा. गावच्या नळयोजनेची विहीर तिथेच, काठाला लागून. आठवडाभरात नळाला गढूळ पाणी यायला लागलं आणि त्याला पेट्रोलचा वास. बायका तक्रार घेऊन आल्या. बापू म्हणाले, "उन्हाळ्यात पानी खाली गेलं की असं हुतंच."

 दुसऱ्या दिवशी मायाप्पाने शेडमध्ये चहा केला आणि पहिला कप बापूंना नेऊन दिला. बापूंनी एक घोट घेतला आणि तो तसाच बाहेर टाकला.

"कसला चहा ह्यो?"

"पत्ती पुड्याची हाय. दूध तुमच्याच म्हशीचं. पानी फकस्त स्कूटरच्या मागनं भरलंय."

"मला मारतोस काय?"

"न्हाई मालक. गावाला आपन रोज पाजतोय, तुमाला एक घोट दिला."

बापूंनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. मायाप्पाने पाने-पकडी पुसल्या, शेडची चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि माझ्याच खोलीवर येऊन राहिला. दुसरीकडे जाणार कुठे? दोन दिवस रिकामा बसवेना म्हणून त्याने माझी चांगली चालणारी मोटरसायकल पूर्ण खोलून ठेवली.

तिसऱ्या दिवशी बापू आले. आत न येता दारातच उभे राहिले. त्या चहानंतर त्यांना घरच्या पाण्याचाही वास यायला लागला होता. घरात कुणालाच येत नव्हता, त्यांना एकट्याला येत होता.

"नाक बिघडवलंस माझं," ते म्हणाले.

"सुधारलंय," मायाप्पा नट पुसत म्हणाला.

"बोल, काय करू?"

मायाप्पाकडे उत्तर तयार होतं. स्कूटर विहिरीपासून लांब, खोल पाण्यात न्यायच्या. पेट्रोल बोट काठावर ओढूनच भरायचं. म्हातारी इंजिनं एकेक करून बदलायची. पहिल्या दोन गोष्टींना बापूंनी मान हलवली. तिसरीला नुसता सुस्कारा सोडला. आता शेडची चावी पुन्हा मायाप्पाकडे आहे, एक स्कूटर विकली गेली आहे, दुसरी डोंगराच्या वळणापलीकडे फिरते. पाचांतली तीन इंजिनं नवी, फोर-स्ट्रोक आहेत. दोन म्हातारी अजून खोकतात. पण नळाचं पाणी निवळलं. माझी मोटरसायकल मात्र पूर्वीसारखी झाली नाही.

या हिवाळ्यात मायाप्पाने आपल्या आईला पहिल्यांदाच इथे आणलं. तो तिला अव्वा म्हणतो. इतकी वर्षं ती येत नव्हती, मेंढरं कोण बघणार म्हणून. एसटीतून उतरली तेव्हा तिचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले होते. काठापाशी येऊन ती थांबली.

मी म्हणालो, "आजी, पाण्यात पाय सोडून बसा. बरं वाटेल."

ती दोन पावलं मागे सरली. "नगं बाबा. कुनाचं तरी प्यायचं पानी असंल."

मायाप्पाने शेडमधून बादली आणि तांब्या आणला. बादली भरली, आईला हाताला धरून काठापासून लांब, एका दगडावर बसवलं. मग खाली बसून तिच्या पायांवर तांब्याने पाणी घालत, तळव्याच्या भेगा अंगठ्याने चोळत राहिला. त्या पाण्याचा ओघळ काठाकडे जाऊ नये म्हणून त्याने मातीचा छोटा बांध घातला होता. समोर डोंगरापर्यंत पाणीच पाणी होतं.

"पुरं की रं लेकरा," म्हातारी म्हणाली. "किती पानी घालवतोस."

"असू दे अव्वा," मायाप्पा म्हणाला आणि त्याने तांब्या पुन्हा भरून घेतला.