एक मेन, सात डबे

झाडेकाका ई-मेल उघडण्याआधी लॅपटॉपवर लाल पाटी अडकवतात. पाटीवर लिहिलंय, ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ घरात काका एकटेच. वरच्या खोलीत भाड्याने मी. म्हणजे ती पाटी बहुतेक माझ्यासाठीच असावी.

काका कोराडीच्या वीज केंद्रातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. तिथे कोणतंही मशीन उघडायचं तर आधी परमिट लिहायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या, स्विचवर पाटी लावायची. काकांनी ही शिस्त घरी आणली. मेल उघडण्याचं परमिट एका वहीत लिहिलं जातं आणि दुसरी सही माझी असते.

“वेळ?”

“सव्वानऊ.”

“कारण लिही, गॅसचं बिल. मार सही.”

इंटरनेटवाल्याने कनेक्शनसोबत आठ मेलखाती दिली होती. एक मुख्य आणि त्याच्या हाताखाली सात. गल्लीत बाकी कोणी अशा खात्यांपैकी एकसुद्धा वापरत नाही. काकांनी आठही सुरू केली. मुख्य खात्याला ते ‘मेन’ म्हणतात, बाकीच्यांना ‘डबे’. बँकेचा डबा वेगळा, पेन्शनचा वेगळा. गॅस, लाइट बिल आणि दवाखान्यालाही एकेक. सहावा डबा भामट्यांसाठी. दुकानात कोणी मेल मागितला की तोच द्यायचा.

“सगळं एका जागी काहून ठेवू? फ्यूज उडाला तर एकच खोली अंधारात गेली पाहिजे, आख्खं घर नाही.”

सातवा डबा माझा. मी खाप्याहून शहरात कॉलेजला आलो तेव्हा फॉर्मवर ई-मेलच्या जागी मी मोबाइल नंबर लिहिला होता. आमच्या घरात मेल कोणाचाच नव्हता, आणि विचारायची लाज वाटत होती. काकांनी फॉर्म पाहिला आणि हसले नाहीत. म्हणाले, “बाहेरचा फुकटचा मेल म्हणजे धर्मशाळा. बाजूले कोण झोपलं, तुले काय माहीत? सातवा डबा तुहा.”

डब्यासोबत त्यांची भीतीही माझ्याकडे आली. कोणाचं खातं कसं लुटलं, हे ते रोज मला ऐकवायचे. हळूहळू मीही मेल बंद केला की नाही ते तीन-तीनदा पाहू लागलो. कॉलेजचा साधा मेलही पाठवणाऱ्याचा पत्ता दोनदा वाचूनच उघडायचो.

शिष्यवृत्तीचं पत्र त्याच डब्यात आलं. बुधवारी सकाळी एक लिंक येईल, संध्याकाळी पाचच्या आत ती दाबून कागदपत्रं पक्की करा, नाहीतर अर्ज रद्द. शिष्यवृत्ती गेली असती तर माझं तिसरं वर्ष झालंच नसतं. बाबा गवंडीकाम करतात. त्यांना मी पत्राबद्दल सांगितलंही नव्हतं.

बुधवारी मी खाली आलो तर काका भिंतीला टेकून उभे होते. चेहरा पार उतरलेला.

“म्या मेन पाडला गा.”

“म्हणजे?”

“खात्यात कोणीतरी घुसून राहिलं असा मेल आला. सायरन वाजला की आधी मेन पाडायचा, मंग विचार करायचा. जिंदगीभर हेच केलं ना मी.”

सेटिंगमध्ये शोधून शोधून त्यांनी ‘मुख्य खाते बंद करा’ हे बटण दाबलं होतं. परमिट नाही, माझी सही नाही. मेनबरोबर सातही डबे बंद.

“काका, माझी लिंक...”

काकांनी घाईघाईने इंटरनेटवाल्याला फोन लावला.

तिकडून सांगितलं, आधार कार्ड घेऊन ऑफिसात या. ऑफिस गांधीबागेच्या बाजारात, कापडाच्या दुकानांच्या वर. एरवी काका हिरव्या सिग्नललाही थांबून दोन्हीकडे पाहतात. त्या दिवशी स्कूटर चालवताना ते एकच वाक्य बोलत होते, “चोरानं नाही केलं, म्याच केलं.” मी मागून म्हणत होतो, “होईल काका.” पण माझा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

काउंटरवरच्या मुलीने आधार कार्ड पाहिलं. “काका, खातं काढताना तुम्ही एक प्रश्न ठेवला होता. त्याचं उत्तर जुळलं तरच चालू होईल. तुमच्या सगळ्यात जवळच्या मित्राचं नाव काय?”

काकांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“बोलून नाही सांगत. कागद दे.”

मुलगी हसली. मलाही हसू आलं. इथेही काकांना चोर दिसत होते, असं मला वाटलं. त्यांनी हाताचा आडोसा करून लिहिलं आणि कागद सरकवला. तो वाचून मुलीचं हसू गेलं. तिने उत्तर टाइप केलं आणि कागद पालथा घातला. पण तेवढ्यात मला दिसलं होतं.

‘कोणी नाही.’

खातं चालू झालं. मोबाइलवर माझा डबा उघडला, मेन पाडण्याआधीच लिंक आलेली होती. मी ती दाबली. कागदपत्रं पक्की झाल्याचा मेल येईपर्यंत मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही.

“काका, खातं बंद पडलं होतं ना, म्हणून आता उत्तर नवीन ठेवा लागते,” मुलगी म्हणाली. “प्रश्नही बदलू का? आईचं नाव, शाळेचं नाव, काहीही चालते.”

“प्रश्न राहू दे तोच.”

काकांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. एका बोटाने दोन-चार अक्षरं दाबली आणि थांबले. माझ्याकडे न पाहता म्हणाले,

“तुह्या आडनावाचं स्पेलिंग सांग गा. हळू सांग, मागं लोकं आहेत.”