किल्ली मशीनमध्ये आहे

सकाळचे पावणेनऊ वाजले होते आणि बद्रीनाथ दांडगे लुंगी-बनियनवर वॉशिंग मशीनसमोर पाट टाकून बसले होते. मशीनच्या गोल काचेआड गढूळ पाणी उभं होतं. त्यात दोन साड्या, एक चादर, चार टॉवेल आणि दांडग्यांची करड्या रंगाची पॅन्ट निवांत डुंबत होती. कपडे धुऊन झाले होते. आता पाणी सोडायचं, गरगर फिरायचं आणि कपडे पिळून द्यायचे, एवढंच काम मशीनकडं उरलं होतं आणि नेमकं तेवढंच ते करत नव्हतं. अकरा मिनिटं बाकी असल्याचं दाखवत ते अर्धा तास थांबलं होतं. मधूनच अर्धा वळसा घ्यायचं, घरघरायचं आणि भर रस्त्यात बसकण मारलेल्या म्हशीसारखं स्वस्थ व्हायचं.

प्रत्येक अर्ध्या वळशाला काचेवर आतून काहीतरी टणकन आपटत होतं.

"ते काय वाजतंय?" दांडग्यांनी विचारलं.

"बटन असंल," द्वारकाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या.

तेवढ्यात कचेरीतून फकिराचा फोन आला. फकिरा शिपाई असला तरी कचेरीतली प्रत्येक बातमी आधी त्याला कळायची.

"दांडगे साहेब, तपासणीचे साहेब आजच येऊन ऱ्हायले. सोमवारचं आज केलं त्यांनी. साडेअकराला. पयलं दप्तरखाना बघणार म्हणले. किल्ली घेऊन लौकर या."

दांडग्यांचा हात आपोआप खिशाकडं गेला. लुंगीला खिसा नव्हता. मशीननं अर्धा वळसा घेतला आणि काच टणकन वाजली.

दांडगे तहसील कचेरीत दप्तर सांभाळत. निजामाच्या अमदानीतल्या उर्दू आणि मोडी कागदांपासून कालच्या फेरफारापर्यंत सगळं त्या एका खोलीत होतं. खोलीला सागवानी दार, दाराला जुनं कुलूप आणि कुलपाला चार बोटं लांबीची एकच पितळी किल्ली. ती दांडग्यांनी जिवापलीकडं जपायची, असा लेखी हुकूम होता. म्हणून एकोणतीस वर्षं ती त्यांच्या पॅन्टच्या खिशातच असे.

"खिसे बघितले नव्हते का?" त्यांनी थकल्या आवाजात विचारलं.

"तीनदा इचारलं, खिशात काय हाय का म्हणून. तुम्ही तीनदा हूं म्हणलात."

"हूं म्हणजे हाय."

"तुमचं हूं एकतीस वर्षं ऐकते मी. त्याचा अर्थ अजून लागला नाय मला."

दांडग्यांनी मशीनचं दार ओढलं. ते हललं नाही. मशीन बंद करून ओढलं, चालू करून ओढलं, द्वारकाबाईंनी उलथन्याचं टोक घालून पाहिलं. उलथनं वाकलं. मग दांडग्यांनी मशीनवर चिकटवलेला नंबर फिरवला. एक दाबा, तीन दाबा, परत एक दाबा, असं करत वीस मिनिटांनी एका मुलीचा आवाज आला.

"सर, मशीन फिरत नाही म्हणजे कपडे जास्त झाले असतील. एक-दोन कपडे काढून बघा."

"दार उघडत नाय बाई."

"आत पाणी असेल तर दार उघडत नाही सर. सुरक्षेसाठी असतं ते."

"मग पाणी कसं काढायचं?"

"मशीन फिरलं की पाणी आपोआप जातं सर."

"फिरत नाय म्हणूनच तर फोन केला."

"मग कपडे कमी करून बघा सर."

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रहिवासी दाखला आणा आणि रहिवासी दाखल्यासाठी उत्पन्नाचा, असं त्यांनी स्वतः हजारदा लोकांना सांगितलं होतं. याच मऊ, समजूतदार आवाजात सांगितलं होतं. खिडकीच्या पलीकडून ते कसं लागतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

"तुमची तक्रार नोंदवली आहे सर. माणूस शनिवारी येईल."

आज गुरुवार होता.

शेजारचे मोहियोद्दीन सर घरघर ऐकून आले. उर्दू शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ कुठल्याही अडचणीकडं उदाहरण म्हणूनच पाहत. त्यांनी चष्मा लावला, मशीनचं माहितीपुस्तक मागवलं आणि उभ्याउभ्या चार पानं वाचली.

"दांडगेसाहेब, मामला साधा आहे. खाली कोपऱ्यात एक झाकण आहे, त्याच्या आत जाळी. जाळीत कचरा अडकला की पाणी निघत नाही. जाळी काढा, पाणी जाईल, दार खुलेल."

"अन् पाणी जाईल कुठं?"

"ते पुढच्या पानावर असेल," म्हणत सर पान उलटू लागले. पण दांडग्यांच्या डोळ्यांसमोर साडेअकरा होते. त्यांनी गुडघ्यावर बसून झाकण उघडलं, आतली खुंटी धरली आणि पिळली.

पुढच्या पानावर असं लिहिलं होतं की, खुंटी हळूहळू सैल करावी, शेजारची छोटी नळी आधी उघडावी आणि खाली पसरट भांडं ठेवावं. सरांनी हे मोठ्यानं वाचून दाखवलं, तोवर फेसाळ पाणी दांडग्यांच्या लुंगीतून वाट काढत स्वयंपाकघरात शिरलं होतं. द्वारकाबाईंनी पिठाची परात उचलून ओट्यावर ठेवली आणि स्वतःही स्टुलावर चढल्या.

"बंद करा," त्या वरून म्हणाल्या. नळाला आठवड्यानं पाणी येतं त्या गावात हे दृश्य बघणं त्यांना जड जात होतं.

दांडग्यांनी घाईघाईनं जाळीतला कापसासारखा गोळा, एक सुपारी आणि केसांचे दोन आकडे ओढून काढले आणि खुंटी परत फिरवून बसवली. आत अर्धं पाणी उरलंच होतं, त्यामुळं दार काही उघडलं नाही. कचरा निघाला म्हणजे दुखणं गेलं, असं सरांचं मत पडलं. मशीन पुन्हा चालू केलं. त्यानं पहिल्यापासून सुरुवात करायची ठरवली. शांतपणे नवं पाणी भरून घेतलं, कपडे पुन्हा पाऊण तास धुतले, आणि अकरा मिनिटं बाकी असताना थांबलं.

टणकन आवाज आला.

"उदाहरणात काहीतरी चुकतंय," सर म्हणाले आणि नमाजाला अजून बराच वेळ असतानाही घाईनं निघून गेले.

फकिराचे तोवर चार फोन येऊन गेले होते. शेवटी द्वारकाबाईंनीच क्रांती चौकातल्या मुबारकला बोलावलं. त्यांच्या मिक्सरचा डॉक्टर तोच होता. मुबारक पावणेबाराला आला. त्यानं मशीनला हातही लावला नाही. कमरेवर हात ठेवून त्यानं मागं पाहिलं, मग बाथरूममध्ये पाहिलं, मग वर पाहिलं.

"साब, ये पाईप उपर किसने छोडा?"

मशीनमधून पाणी बाहेर टाकणारा पाईप बाथरूमच्या भिंतीवरून चढत चढत माळ्याजवळच्या निळ्या ड्रममध्ये गेला होता. धुण्याचं पाणी संडासात वापरायला साठवावं, अशी योजना दांडग्यांनी रविवारी अमलात आणली होती. तिच्यासाठी त्यांनी चार मीटर जादा पाईप आणला होता, लाकडी घोडीवर चढले होते आणि दुपारभर स्वतःवर खूश होते. त्यानंतरचं हे पहिलंच धुणं.

"मी," दांडगे म्हणाले.

"पंप पानी चढवतो साब, पन इतना नै. बच्चे की मूठ इतका पंप है, तुम उसको दौलताबाद के किले पे चढाने लगे."

मुबारकनं पाईप खाली ओढून मोरीत सोडला. क्षणभर काही झालं नाही. मग मोरीत गडगडून पाणी आलं, मशीननं एक लांब सुस्कारा टाकला आणि ते फिरू लागलं. इतकं फिरलं की ओट्यावरची परात हादरली.

"आता थांबवून किल्ली काढू?" दांडग्यांनी विचारलं.

"फिरता है तो फिरने दो साब. रोका, तो फिर रूसेगा."

मशीन रुसू नये म्हणून ते तिघं अकरा मिनिटं त्याच्यासमोर हात बांधून उभे राहिले.

दांडगे कचेरीत पोचले तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. तपासणीचे साहेब त्यांच्याच खुर्चीत बसले होते. बारीक, कोरड्या चेहऱ्याचा माणूस. फकिरा दाराशी उभा राहून छताकडं बघत होता.

"एक तास उशीर. कारण?"

वाटेत रिक्षात दांडग्यांनी तीन कारणं तयार केली होती. एका कारणात सिल्लोडची एक आजारी आत्याही होती. पण ती सांगण्याइतकं त्राण त्यांच्यात राहिलं नव्हतं. त्यांनी ओलसर किल्ली टेबलावर ठेवली आणि घडलं ते सगळं सांगितलं, पाईपसकट.

साहेब बराच वेळ किल्लीकडं बघत राहिले. मग फकिराला चहा सांगायला पाठवलं आणि आवाज खाली आणला.

"पाणी भरून थांबतं? फिरत नाही?"

"व्हय साहेब."

"आमचंही. तीन आठवडे झाले. घरात बोलणंच बंद आहे."

दप्तरखाना उघडलाच नाही. 'अभिलेख सुस्थितीत आढळले' असा शेरा साहेबांनी तिथंच लिहिला आणि संध्याकाळी पाच वाजता दांडग्यांना जीपमध्ये घालून बंगल्यावर नेलं.

तिथला पाईप नीट होता. मग दांडग्यांनी परात मागितली, छोटी नळी सोडली, थेंबाथेंबानं पाणी काढलं आणि खुंटी हळूहळू फिरवली. बाईसाहेब पडद्याआडून बघत होत्या. साहेब पॅन्ट वर खोचून बॅटरी धरून उभे होते. जाळीत धाग्यांचा गुंता होता. तो सोडवल्यावर त्यातून एक बारकी किल्ली निघाली. तिला पत्र्याचा बिल्ला होता आणि बिल्ल्यावर कोरलं होतं, 'कपाट क्र. ४'.

बॅटरीचा उजेड जरा हलला.

साहेबांच्या हाताखाली कडूबा साबळे नावाचा कारकून होता. चार नंबरच्या कपाटाची किल्ली हरवली म्हणून दिवाळीपासून त्याच्यावर चौकशी लागली होती आणि बढती अडली होती. किल्ली मी साहेबांच्या हातातच दिली होती, असं तो बापडा भेटेल त्याला सांगायचा. जिल्ह्यातल्या प्रत्येक कचेरीत लोकांनी हे ऐकलं होतं आणि कुणाचाच विश्वास बसला नव्हता. दांडग्यांचाही नव्हता.

दांडग्यांनी किल्ली शर्टाला पुसली आणि हळूच मशीनवर ठेवली.

"साहेब," ते खाली बघत म्हणाले, "माझी किल्ली माझ्याच पॅन्टच्या खिशात होती. तरी मी सकाळी बायकोलाच जाब विचारला."

साहेबांनी बॅटरी बंद केली.

"चहा घेणार?" त्यांनी विचारलं.

मशीन त्या संध्याकाळी फिरलं. पुढच्या आठवड्यात कडूबा कचेरीकचेरीत पेढे वाटत दांडग्यांच्या टेबलाशी आला. त्याच्या हातात हुकमाची प्रत होती. 'सदर किल्ली अन्यत्र आढळून आल्याने चौकशी बंद करण्यात येत आहे', एवढंच त्यात होतं.

"दांडगेसाहेब, सुटलो बघा. पन एक कळंना. ही किल्ली अन्यत्र सापडली म्हणत्यात. अन्यत्र म्हणजे कुठं हो?"

दांडग्यांनी पेढा तोंडात टाकला आणि दप्तरखान्याच्या दाराकडं बघत म्हटलं,

"हूं."