हिलाल आप्पा आणि माझी दाढ

हिलाल आप्पांना चहा हवा असला की ते 'चहा' म्हणत नाहीत. चिमूट ओठांजवळ नेतात आणि त्यात दूध असणार का, हे विचारायला दुसऱ्या हाताने हवेत गाय पिळतात. आमच्याकडे आलेले पाहुणे हे बघून आधी घाबरतात आणि मग दुसऱ्यांदा करून दाखवायला सांगतात.

सुरतेत पर्वत पाटियाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आप्पा समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मूळचे शिरपूरकडचे, बोली अजून अहिराणीच. चाळीस वर्षं त्यांनी इथेच साच्यांवर काढली. साचा म्हणजे कापड विणायचा लूम. शंभर साचे एकदम खडखडायला लागले की कानाशी ओरडूनही उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. मूठ वर केली की साचा बंद कर. त्या खडखडाटात आप्पांचे कान गेले. हजीऱ्याला नोकरी करणाऱ्या मुलाने ऐकायचं यंत्र आणून दिलंय, ते कपाटात आराम करतं. त्यामुळे बिल्डिंगमध्ये सगळे त्यांच्याशी ओरडून दोन शब्द बोलतात आणि तिसऱ्याला दमून घरी जातात. त्यात मीही आलोच.

गेल्या हिवाळ्यात माझी खालची दाढ ठणकायला लागली. बायको लेकीकडे पुण्याला गेली होती. लवंग धरून झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, तरी गाल सुजला तो सुजलाच. दातांच्या डॉक्टरबेनने एक्स-रे काढला आणि म्हणाली, रूट कॅनाल करू, दाढ वाचेल, दोन-तीनदा यावं लागेल. मी पन्नाशी ओलांडलेला, बँकेत अधिकारी वगैरे, पण सुई दिसली की मी आधी दार शोधतो. तीन वेळा भिण्यापेक्षा एकदाच भ्यावं, असा हिशोब करून मी सांगितलं, "उद्या येतो. उपटूनच टाका."

जिन्यात आप्पा भेटले. मी गाल दाखवला आणि उपटायची खूण केली. त्यांनी माझं मनगटच धरलं.

"काढू नको, भाऊ! मन्हं तोंड देख!" त्यांनी आ केला. डावी बाजू सपाट मैदान. "पह्यला काढा. मंग दुसरा हालना, मंग तिसरा. आते भाकर दूधमा कुस्करीसन खास."

मी खिशातलं डॉक्टरबेनचं चित्र दाखवलं, तसा भिंतीला टेकून त्यांनी मला रूट कॅनाल समजावला. डॉक्टरबेनने चित्र काढून सांगितलेलं माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते आप्पांनी शिरवलं. "साचा चांगला शे. मझारला धागा सडेल शे. सडेल धागा काढानं, जागा साफ करानी, भरी टाकानं. कोनी साचा भंगारमा टाकस का?"

मी उपटायचा बेत सोडला. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी खाली उभे होते.

डॉक्टरबेनने त्यांना आत बसू दिलं. सुई टोचली तेव्हा आप्पांनी माझी पावलं दाबून धरली होती, प्रेमाने की मी पळू नये म्हणून, कोण जाणे. जबडा बधिर झाला. मशीन घुंईं करू लागलं आणि भीतीने माझी मूठ आवळून वर गेली.

"बेन, बंद! मशीन बंद!" आप्पा असे गरजले की बाहेरचे पेशंटही उठून उभे राहिले.

डॉक्टरबेन दचकून थांबली. "काका, दुखे छे?" तिने मला विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. बिचारी हसू दाबत पुन्हा कामाला लागली. त्यानंतर मी हात उचलला की ती आधी आप्पांकडे बघायची. "थुंकानं शे त्याले," आप्पा सांगायचे. "काही नही, भ्याव वाटस." एकदाही चुकले नाहीत. तिने बारीक सुयांनी दाढेच्या नळ्या साफ केल्या, औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट लावलं. खरं सांगतो, दुखलं नाही. पुढच्या खेपांना आप्पा होतेच, आणि आज कॅप बसवलेल्या त्या दाढेने मी शेंगदाणे खातो. डॉक्टरबेनचे आभार मी तोंडभर मानले. आप्पांचे कसे मानायचे ते कळत नाही.

कारण पहिल्या खेपेनंतरची ती दुपार. ओठ बधिर, बोलायला गेलं की लाळ. आम्ही त्यांच्या गॅलरीत बसलो. मी हातानेच विचारलं, हे सगळं शिकवलं कुणी? आप्पांनी कपाळावर बोट टेकवून कुंकू दाखवलं. त्यांची बायको साच्यांच्या त्याच शेडमध्ये धाग्याच्या बॉबिनी भरायची. ती जाऊन पाच वर्षं झाली. एवढ्या गोंगाटात तिने लग्नाचं कसं विचारलं, भाजी खारट झाली म्हणून शेडच्या दोन टोकांवरून दोघं कसे भांडले, सगळं आप्पांच्या हातांनी सांगितलं. ते हात एवढे भरभर चालताना मी कधीच पाहिले नव्हते. मला कळलं नाही तर ते थांबायचे, पुन्हा करून दाखवायचे.

मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "ती गयी तवयपासून घरमा असं कोनी बोलनंच नही, भाऊ."

चार वाजले तेव्हा माझा ओठ जागा झाला होता. मला नीट बोलता येत होतं. अंधार पडेपर्यंत मी आप्पांना ते कळू दिलं नाही.